सळी ताणली की आत काय घडतं

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सळ्या, कास्टिंग, पत्रे तपासून द्यायच्या कामात माझी बरीच वर्षं गेली. नमुना आणणारा ठेकेदार असो, फौंड्रीवाला असो की आयुष्यभराची पुंजी लावून घर बांधणारा मास्तर असो, रिपोर्ट न्यायला आला की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, किती टनाला तुटली तेवढं सांगा की." टनाचा आकडा कानावर पडला की समाधान, आणि कागद घडी होऊन खिशात. त्याच कागदावर आणखी दोन ओळी असतात. सळी नमली कधी, आणि तुटेपर्यंत लांबली किती. त्या ओळी फारसं कुणी वाचत नाही. माझ्या मते घराचा जीव त्या दोन ओळींत असतो. त्या का महत्त्वाच्या, हे कळायला सळी ओढली जाताना तिच्या आत काय चालतं ते बघावं लागतं.

आमच्या मशीनला यूटीएम, म्हणजे युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन म्हणतात. वर एक जबडा, खाली एक जबडा, आणि त्यांना एकमेकांपासून दूर नेणारा तेलाच्या दाबावरचा रॅम. हल्ली कॉम्प्युटर जोडलेला असतो, आलेख आपोआप पडद्यावर उमटतो. मी शिकलो ते परातीएवढ्या गोल डायलच्या जुन्या मशीनवर. त्यावर दोन काटे. काळा काटा चालू लोड दाखवतो. लाल काट्याला तो पुढं ढकलत नेतो आणि लोड उतरू लागला की लाल काटा कमाल आकड्यावर तसाच उभा राहतो. शिकणाऱ्या प्रत्येक पोराला एकदा तरी डायलवरची चाचणी बघायला मिळावी असं मला मनापासून वाटतं, कारण काट्याची चाल म्हणजे सळीनं केलेलं बोलणंच आहे.

समजा १२ मि.मी.ची साधी गोल सळी घेतली. घराच्या काँक्रीटमध्ये घालतात ती टीएमटी नव्हे, ग्रिल-गेट करणाऱ्यांकडं मिळते ती गुळगुळीत. तिच्या छेदाचं क्षेत्रफळ ११३ चौरस मि.मी. जाडीच्या पाचपट, म्हणजे ६० मि.मी. अंतरावर पंचनं दोन टिंबं मारायची. हीच गेज लेंथ. या दोन टिंबांमधलं अंतर शेवटी किती होतं, ते मोजायचं.

मशीन सुरू केलं की काळा काटा संथपणे चढतो. एक टन, दोन टन. सळीकडं बघितलं तर काहीच होत नाही असं वाटतं. पण ती लांबते आहे. फार थोडी. तीन टनाच्या आसपास जाईपर्यंत ६० मि.मी.चे झाले असतील ६०.०८, म्हणजे वाढ एका केसाच्या जाडीएवढी. इथं लोड काढून घेतला तर ती पुन्हा बरोबर ६० वर येते. अणूंमधले बंध स्प्रिंगसारखे ताणलेले असतात, सोडले की जागेवर येतात. जेवढा जोर तेवढी लांबी, हा नियम रॉबर्ट हूकनं १६७८ मध्ये छापला. या टप्प्यात सगळी पोलादं जवळजवळ सारखीच वागतात. स्वस्तातली सळी आणि महागडं स्प्रिंगचं पोलाद, दोघांचा ताठरपणा सुमारे २०० गिगापास्कल (ताठरपणा मोजायचं एकक). ॲल्युमिनियमचा ७०, म्हणून तेवढ्याच ओझ्याखाली ते जवळजवळ तिप्पट लांबतं. सळी 'कडक' आहे म्हणजे ती कमी लांबते, असा एक समज साइटवर असतो. कडकपणा आणि ताठरपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कडक सळी उशिरा नमते, एवढाच फरक.

मग तीन टनाजवळ काटा थबकतो. किंचित मागंही येतो. मशीन तर चालूच आहे, जबडे लांब जात आहेत, पण लोड वाढत नाही. याच वेळी सळीवरची काळी पापुद्री झडायला लागते, जबड्यांवर बारीक भुगा पडतो. नीट बघितलं तर पापुद्री तिरप्या पट्ट्यांत सुटत जाताना दिसते. एका जागी सुरू झालेली पट्टी हळूहळू अख्ख्या सळीवर पसरते. या पट्ट्या लूडर्स नावाच्या जर्मन माणसानं १८६० मध्ये नोंदवल्या, म्हणून त्यांना त्याचंच नाव आहे. हा यील्ड. सळी नमली. इथून पुढं लोड काढला तरी ती मूळ लांबीवर यायची नाही.

आणि मग काटा पुन्हा चढू लागतो.

वर्गात शिकवताना इथं मी मशीन थांबवतो. नमलेल्या वस्तूनं पुढं आणखी नमत जायला हवं ना? ती लांबली आहे, म्हणजे थोडी बारीकही झाली आहे. बारीक झालेल्या सळीला ओढायला कमी जोर पुरायला हवा. इथं उलटं चाललंय. पुढच्या प्रत्येक मिलिमीटरला सळी आधीपेक्षा जास्त जोर मागते आहे. ताण सोसता सोसता धातू बळावतो, याला स्ट्रेन हार्डनिंग म्हणतात. वर्कशॉपमधली मंडळी वर्क हार्डनिंग म्हणतात, गोष्ट तीच.

खात्री करायची तर चार टनांपर्यंत न्यायचं आणि लोड पूर्ण काढायचा. सळी किंचित आखडते, पण बरेच मिलिमीटर कायमची लांब झालेली असते. आता तीच पुन्हा ओढायची. या खेपेला तीन टनाला काटा थबकत नाही. सरळ चारच्या आसपास जातो, आणि तिथं ती नमायला लागते. यील्ड तीनाचा चार झाला. भट्टी नाही, औषध नाही, नुसतं ओढून. पण हे फुकट मिळालेलं नाही. तिची एकूण लांबायची जी ताकद होती, त्यातली काही खर्च झाली. हा हिशेब लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

हे घरीही करून बघता येतं. अर्थिंगसाठी वापरतात ती आठ नंबरची तांब्याची जाड तार वीतभर घ्या. पकडीत धरून गॅसवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात बुडवा. आता ती इतकी मऊ होते की लहान पोरगंही बोटांनी वाकवेल. मधोमध वाकवा. मग तिला दोन्ही हातांनी सरळ करायचा प्रयत्न करा. होत नाही. वाकलेली जागा तशीच राहते आणि तार तिच्या शेजारी, दोन्ही बाजूंना वाकते. मधे एक वेडंवाकडं वळण उरतं. कारण जी जागा एकदा वाकली ती आता कडक झाली आहे, आणि जोर लागला की बिचारी शेजारची मऊ जागा नमते. हा प्रयोग मी शेकडो पोरांना करायला लावला आहे. आलेखानं न कळलेलं या वीतभर तारेनं कळतं.

तांबटांना हे पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. घागर घडवताना ठोकत ठोकत गेलं की तांबं हाताला 'बोलायला' लागतं, हातोडी उडायला लागते. तसंच रेटलं तर काठाला चीर जाते. म्हणून तांबट थांबतो, भांडं भट्टीत लाल करतो, पाण्यात घालतो आणि पुन्हा ठोकायला बसतो. इथं एक गैरसमज दूर करतो. तांबं पाण्यामुळं मऊ होत नाही, तापल्यामुळं होतं. पाण्यानं ते लवकर हाताळता येतं आणि वरची काळी पुटं सुटतात, एवढंच. पोलाद लाल करून पाण्यात घातलं तर ते कडक होतं, ते वेगळ्या कारणानं. दोन्ही एकाच पारड्यात टाकू नका.

आता आत शिरू या. धातूचे अणू रांगांनी, थरांवर थर असे रचलेले असतात. सळी कायमची लांबते तेव्हा हे थर एकमेकांवरून सरकलेले असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला की एक अख्खा थर दुसऱ्यावरून एकदम सरकवायला किती जोर लागेल. उत्तर आलं ते प्रत्यक्षात लागणाऱ्या जोराच्या शेकडो, कधी हजारो पट. म्हणजे धातू असायला हवा त्यापेक्षा फारच मऊ निघत होता. कोडं १९३४ मध्ये सुटलं. टेलर, ओरोवान आणि पोलान्यी या तिघांनी एकमेकांपासून वेगळं काम करून एकच उत्तर दिलं: थर एकदम सरकतच नाही.

गणपतीच्या मांडवात जमखाना अंथरताना काय करतो ते आठवा. अंथरलेला मोठा जमखाना चार बोटं पलीकडं सरकवायचा आहे. एका टोकाला धरून ओढला तर चौघांनाही हलत नाही. पण एका काठाला सुरकुती पाडली आणि ती पायानं रेटत दुसऱ्या काठापर्यंत नेली, की एकटा माणूस अख्खा जमखाना सुरकुतीएवढा सरकवतो. एका वेळी जमिनीवरून उचललेली असते ती फक्त सुरकुतीची पट्टी. धातूतही अणूंच्या रांगेत अशा सुरकुत्या असतात. एखादी रांग मधेच संपलेली असते, आणि ती चुकीची जागा पुढं पुढं सरकत जाते. तिला डिसलोकेशन म्हणतात. १९५६ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पातळ पत्र्यात त्या सरकताना प्रत्यक्ष दिसल्या.

मऊ पोलादात काटा थबकून मागं का येतो, तेही इथं कळतं. कार्बन आणि नायट्रोजनचे चिमुकले अणू या सुरकुत्यांच्या पोकळीत जाऊन बसलेले असतात. जमखान्याच्या सुरकुतीवर कुणीतरी बसलेलं असावं तसे. त्यांच्या पकडीतून सुरकुत्या सुटेपर्यंत जास्त जोर लागतो, सुटल्या की एकदम कमी. कॉट्रेल आणि बिल्बी यांनी १९४९ मध्ये हे मांडलं. तांबं-ॲल्युमिनियममध्ये ही भानगड नसते, त्यांचा काटा थबकत नाही, गुळगुळीत वळत जातो. मग यील्ड नेमका कुठला म्हणायचा? तिथं ०.२ टक्के कायमची लांबी उरेल तो लोड यील्डच्या जागी धरतात. रिपोर्टवर 'प्रूफ स्ट्रेस' लिहिलेलं असतं ते हेच.

मग बळावणं कशामुळं? पहाटे गणपत गल्लीतून चालत जा, मिनिटभरात पार. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या रात्री तीच गल्ली पार करून बघा. मारुती गल्लीकडून माणसं, नरगुंदकर भावे चौकाकडून माणसं, प्रत्येक बोळातून नवी भर. प्रत्येक जण पुढं सरकू बघतोय आणि म्हणूनच कुणीच सरकत नाही. धातूत अगदी हेच होतं. सळी ताणली की डिसलोकेशन सरकतात, आणि सरकता सरकता नव्या जन्माला घालतात. वेगवेगळ्या दिशांनी आलेल्या एकमेकींना आडव्या जातात, गुंततात, अडकतात. पुढची सुरकुती हलवायला आधीपेक्षा जास्त जोर लागतो. मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटिमीटरमधल्या या सगळ्या रेषा टोकाला टोक जोडून मोजल्या तर लांबी शेकडो किलोमीटर भरते, हजारापर्यंतही जाते. जबर ठोकलेल्या धातूत ती दहा लाख किलोमीटरच्या पुढं जाते. बोटाच्या पेराएवढ्या तुकड्यात! मला आजही हा आकडा सांगताना अंगावर काटा येतो. तांबट भांडं लाल करतो तेव्हा अणूंना हलायला उष्णता मिळते, नवे स्वच्छ कण तयार होतात आणि ही गर्दी पांगते.

आता परत डायलकडं. काळा काटा चढत चढत पाच टनाजवळ आला. सळी १२ मि.मी.भर लांबली आहे, आणि विशेष म्हणजे सगळीकडं सारखी लांबली आहे. हे सारखेपण कुठून आलं?

खानापूरच्या कुंभारवाड्यातून ओल्या मातीचा गोळा आणा, हातानं लांब वळी करा आणि दोन टोकांना धरून ओढा. कुठंतरी एके जागी ती बारीक होते आणि तिथंच तुटते. बाकीची वळी होती तशीच. कारण जिथं बारीक झाली तीच जागा सगळ्यांत कमजोर, पुढचा सगळा ताण तिथंच. सळीतही कुठंतरी केसभर बारीक जागा असतेच. तीही आधी तिथंच नमते. पण मातीसारखी तिथंच तुटत नाही, कारण नमली त्या जागी ती बळावते. ती जागा एक टक्का बारीक झाली असेल, पण तिची ताकद त्याहून जास्त वाढलेली असते. म्हणजे आता ती कमजोर उरलीच नाही, शेजारची जागा कमजोर ठरली. मग शेजारी नमतो, बळावतो, पुढच्याकडं काम देतो. अशी पाळी सळीभर फिरत राहते. पत्रा दाबून डबा करता येतो, तार ओढून बारीक करता येते, ते सगळं या पाळीमुळं. नाहीतर धातूही मातीच्या वळीसारखा पहिल्याच हिसड्याला एका जागी तुटला असता.

पण बळावण्याचा वेग कमी होत जातो. गल्ली आधीच खच्चून भरली की नव्या माणसानं फार फरक पडत नाही. एक क्षण असा येतो की एक टक्का बारीक झालं तर ताकदही जेमतेम एकच टक्का वाढते. त्यानंतर बारीक झालेली जागा स्वतःला सावरू शकत नाही. फ्रेंच इंजिनिअर कॉन्सिदेरनं १८८५ मध्ये हा हिशेब मांडला, आणि तो क्षण म्हणजेच लाल काटा थांबतो तो क्षण: कमाल लोड. त्यावरून निघणारी कमाल ताकद म्हणजे यूटीएस. ज्या 'टना'ची सगळे चौकशी करतात तो आकडा म्हणजे ही शर्यत संपल्याची खूण आहे.

काळा काटा आता मागं येतो. सळीला एके जागी मान पडते, डोळ्यांदेखत. पाचाचे साडेचार, चार. पोरं विचारतात, "सर, आता मऊ पडली?" नाही. आपण लोडला मूळच्या ११३ चौरस मि.मी.नं भागतोय, म्हणून आलेख उतरताना दिसतो. समजा ३६ किलोन्यूटनला, म्हणजे सुमारे ३.७ टनाला तुटली आणि मानेची जाडी ७.५ मि.मी. उरली होती. मूळ क्षेत्रफळानं भागलं तर ३१८ मेगापास्कल, म्हणजे दर चौरस मि.मी.ला ३१८ न्यूटन येतात. मानेच्या खऱ्या ४४ चौरस मि.मी.नं भागा, ८००च्या वर जातात. तिथला धातू शेवटच्या क्षणापर्यंत बळावतच होता. आलेख उतरला तो आपल्या भागाकारामुळं.

मग धाडकन आवाज. जवळ असाल तर पायाखालची फरशी हादरते. दोन तुकडे काढून मानेला बोट लावा, गरम लागते. एका तुकड्याच्या तोंडाला वाटी, दुसऱ्याला तिच्यात बसणारा उंचवटा. तुकडे एकमेकांना टेकवून टिंबांमधलं अंतर मोजलं तर ६० चे ७८ झालेले. इलाँगेशन ३० टक्के.

बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची गोष्ट वेगळी. आमच्या भागात फौंड्र्या भरपूर, त्यामुळं बीड रोज येतं. एफजी २६० म्हणजे २६० मेगापास्कल ताण घेणारं करडं बीड. ते ओढलं की काटा चढतो आणि धाड. थबकणं नाही, मान नाही, लांबी जवळजवळ शून्य. आत ग्राफाइटच्या पापुद्र्या असतात आणि प्रत्येक पापुद्री म्हणजे आयती चीर. दाबाखाली तेच बीड तिप्पट-चौपट घेतं, म्हणून लेथच्या बेडला उत्तम. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम घालून ग्राफाइटचे गोल मणी केले की ते एसजी, म्हणजे गोल ग्राफाइटचं बीड होतं. एसजी ५००/७ मधला पहिला आकडा ताकद, दुसरा लांबी. त्या तिरप्या रेषेनंतरच्या सातासाठी फौंड्रीवाला किती जागरणं करतो, ते मी बघितलं आहे.

बळावण्याचा एक टोकाचा नमुना खडी क्रशरवर दिसतो. दगड फोडणाऱ्या जॉ प्लेट मँगेनीजच्या पोलादाच्या असतात. शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्डनं १८८२ मध्ये शोधलेलं, सुमारे १२ टक्के मँगेनीजचं हे पोलाद नवं असताना विशेष कडक नसतं, २०० ब्रिनेलच्या (कडकपणा मोजायचं माप) आसपास. दगडाचा मार बसत जातो तसा वरचा थर ५०० पर्यंत चढतो, आतला गाभा मऊ आणि चिवट राहतो. मार नसेल, नुसती वाळू घासत असेल, तर हेच पोलाद लवकर झिजतं. त्याला मारच लागतो.

आता घराच्या सळीकडं येतो. म्हातारे गवंडी आजही कुठल्याही सळीला 'टॉर' म्हणतात. खरी टॉर सळी म्हणजे थंड असतानाच पीळ देऊन बळावलेली सळी. तिच्या अंगावरची लांब धार जिन्यासारखी गोल फिरत जाते, त्यावरून जुन्या घरात ती लगेच ओळखू येते. ४१५ मेगापास्कलची ताकद तिला मुख्यतः पिळून मिळालेली, म्हणजे स्ट्रेन हार्डनिंगमधून. लांबायच्या पुंजीतला काही भाग कारखान्यातच खर्च झालेला. टीएमटीची ताकद वेगळ्या वाटेनं येते. लाल सळीवर पाण्याचा मारा होतो, बाहेर कडक कडं, आत मऊ गाभा. म्हणून ती ताकद घेऊनही जास्त लांबते.

सळीवरची एफई ५०० डी ही खूण सगळे वाचतात. त्यामागची अट सळ्यांच्या भारतीय प्रमाणकात, आयएस १७८६ मध्ये आहे: यील्ड किमान ५०० मेगापास्कल, कमाल ताकद किमान ५६५ आणि शिवाय त्या सळीच्या प्रत्यक्ष यील्डपेक्षा निदान १० टक्के जास्त, लांबी किमान १६ टक्के. एकदा एका ठेकेदाराची १२ मि.मी.ची सळी ७.१ टनाला नमली आणि ७.४ टनाला तुटली. लांबी ९ टक्के. मी फेल लिहिलं. तो चिडला. "साडेसहा टन पुरे म्हणता आणि ही साडेसातला गेली की सर, मग फेल कशी?" मी त्याला आत नेलं, तांब्याची तार हातात दिली, पाळीची गोष्ट सांगितली. नमण्यात आणि तुटण्यात फक्त चार टक्क्यांचं अंतर आहे. उद्या भूकंपात बीमला तडा गेला, तर त्या तड्यातली सळी नमेल, पण शेजारच्याकडं पाळी द्यायला तिच्याकडं बळावण्याची ताकदच नाही. सगळा ताण त्या एका तड्यातल्या बोटभर सळीवर, आणि ती तुटेल. चांगली सळी हातभर लांबीवर नमते, तडे पसरतात, स्लॅब झोळ खातो, पण माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. कोयनेचा १९६७ चा हादरा आठवणारी माणसं आपल्या भागात आहेत, त्यांना हे पटवावं लागत नाही. त्या ठेकेदारानं माल परत केला. उशिरा का होईना, केला.

त्याच प्रमाणकात रीबेंडची चाचणी आहे, तिच्यावर माझा फार जीव. सळी आतला कोन १३५ अंश राहील एवढी वाकवायची, १०० अंशांच्या उकळत्या पाण्यात अर्धा तास ठेवायची, थंड झाली की उलटी थोडी सरळ करायची आणि चीर पडते का बघायचं. उकळायची कशाला, असं पुष्कळ जण विचारतात. सुरकुत्यांवर बसलेले ते कार्बन-नायट्रोजनचे अणू आठवा. सळी वाकली तेव्हा सुरकुत्या त्यांच्यापासून सुटून पळाल्या, नव्याही जन्मल्या. हे अणू, त्यातही नायट्रोजन, साध्या तापमानातही हळूहळू चालत जाऊन त्यांना पुन्हा गाठतात. सळी आणखी कडक आणि ठिसूळ होते. साइटवर महिनोन् महिने चालणारी ही वाट उकळत्या पाण्यात अर्ध्या तासात उरकते.

हे मला पुस्तकाआधी घरानं शिकवलं. वडगावात वडिलांनी तळमजला बांधला आणि पुढं माडी चढवू म्हणून कॉलमच्या सळ्या वर सोडल्या. टॉरच्या. गच्चीत आम्ही पोरं खेळायचो, कुणाला लागू नये म्हणून त्या स्लॅबवर आडव्या वाकवून टाकल्या, अगदी कॉलमच्या कडेवर, काटकोनात. सात पावसाळे गेले. मी डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असताना माडीचं काम निघालं. गवंडीमामांनी सळीवर पाइप चढवला आणि रेटा दिला. पहिली सरळ झाली. दुसरी अर्ध्यात आली आणि काडी मोडावी तशी कट्‌कन मोडली. मामा पाइपसकट मागं तोल जाऊन बसले. "सळीच खराब हाय बघा, मालक," ते म्हणाले.

सळी खराब नव्हती. पीळ देताना कारखान्यानं तिची थोडी पुंजी घेतली होती. काटकोनात वाकवताना आम्ही उरलेली बहुतेक घेतली. सात वर्षांत गंजानं खड्डे पाडले, अणू येऊन सुरकुत्यांवर बसले. सरळ करायला जो थोडा चिवटपणा लागतो तो तिच्याजवळ शिल्लकच नव्हता. सरळ झालेली पहिली सळी मी बॅटरीच्या उजेडात बघितली, तिच्याही वळणाच्या आत बारीक आडव्या चिरा होत्या. वडिलांनी कॉलमचं डोकं हातभर फोडायला सांगितलं, आतल्या शाबूत सळीला जाडीच्या पन्नास पट लॅप (शेजारी शेजारी ठेवून दिलेला जोड) देऊन नव्या सळ्या बांधल्या, आणि महिन्याचं काम दोन महिन्यांवर गेलं. ज्या घरांत अशा सळ्या वर सोडलेल्या आहेत त्यांनी त्या सरळच ठेवाव्यात, सिमेंटचा पातळ लेप देऊन वर हलकं काँक्रीट किंवा पाइप चढवून झाकाव्यात. वाकवायच्याच असतील तर मोठ्या गोलाईत, आणि एकदाच.

मोडलेला तुकडा मी तेव्हा उचलून ठेवला होता. तो अजून माझ्या टेबलावर आहे. शेजारी साध्या सळीचे ते वाटी-उंचवट्याचे दोन तुकडे ठेवलेत, लांब मान पडलेले. या तुकड्याचं तोंड सपाट, दाणेदार, आणि मोडलेल्या जागी कॅलिपर लावला तर जाडी जवळजवळ होती तेवढीच भरते.